आडव्या फळीवरचं दूध

ताईंशी भांडण काढायचं असेल तर सकाळी काढू नये, हे नवजात कक्षात सगळ्यांना माहीत होतं. दुपारी काढूनही फारसा फरक पडत नसे, पण दुपारपर्यंत त्यांची दोन-तीन भांडणं उरकलेली असत, त्यामुळे आपल्या वाट्याला जरा कमी येई. पाठीमागे त्यांना 'तोफ' म्हणत. ताईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. "तोफ म्हणतात ते ठीक आहे," त्या एकदा घरी म्हणाल्या होत्या, "फुसका बार म्हणाले असते तर एकेकाकडे बघितलं असतं."

हे ऐकणारे त्यांचे यजमान शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागच्या खोलीत संसार. घरात एक माणूस बोलणारं असलं की पुरे, असं त्यांचं मत होतं, आणि तेही त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

ताई लहानपणापासूनच अशा. पाठोपाठच्या चार बहिणींत त्या तिसऱ्या. पहिलीला नवे कपडे मिळत, दुसरीला पहिलीचे, चौथीचे लाड होत. तिसरीला जे काही मिळालं ते भांडूनच मिळालं. पुढे नर्सिंगला जायचं म्हटल्यावर काका म्हणाले, "हिच्या जिभेने बरा व्हायचा तो रोगीसुद्धा पळून जाईल." तोवर ताईंचं नक्की ठरलेलं नव्हतं. काकांनी तोंड उघडलं आणि ठरलं.

नवजात कक्षाच्या मुख्य नर्स म्हणून त्या आल्या तेव्हा दूधखोली म्हणून काही नव्हतंच. वेळेआधी जन्मलेली, आजारी, काचेच्या पेटीत ठेवलेली बाळं. त्यांच्या आया कुठेतरी जिन्याखाली पाठ करून बसून दूध काढत, आणि ते दूध औषधांच्या फ्रिजमध्ये इंजेक्शनांशेजारी कोंबलेलं असे. कक्षाला लागून एक खोली होती, पण तिच्यात मोडक्या खुर्च्या भरलेल्या. ताईंनी अर्ज केले, विनंत्या केल्या. मग एके दिवशी सगळ्या मोडक्या खुर्च्या एकेक करून बाहेर काढल्या आणि अधीक्षकांच्या दारासमोर रांगेत मांडल्या. अधीक्षक दार उघडून बाहेर यायला गेले ते थेट खुर्चीवर आदळले. "बसा ना," ताई म्हणाल्या. खोली मिळाली.

त्या खोलीत मग ओटा आला, स्वतंत्र फ्रिज आला, उकळलेल्या भांड्यांचं कपाट आलं. आणि आली पूरक पावडर. छोट्या छोट्या पुड्यांमधून येणारी, आईच्या दुधात मोजून मिसळायची. तिच्यावरून ताईंनी जितकी भांडणं केली तितकी कशावरूनच केली नसतील. डॉक्टरांशी नव्हे, ते तर ती लिहूनच देत. भांडणं आज्यांशी. आईच्या दुधात पावडर? म्हणजे भेसळच की! आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही.

"तुमच्या वेळी एवढी लहान बाळं राहत नव्हती, आजी," ताई सरळ सांगत. "याला अजून दीड-दोन महिने पोटात राहायचं होतं. तिथे हाडं भरायची होती, अंग धरायचं होतं. हा घाईने बाहेर आला. दूध उत्तमच आहे, पण ते पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मापाचं. याचं राहिलेलं कोण भरून काढणार? मी तर काही त्याला परत आत ठेवू शकत नाही." आज्या गप्प होत. पटलं म्हणून की घाबरून, ते ताईंनी कधी तपासलं नाही.

पुडी फोडणं म्हणजे साखर ढवळणं नव्हे. जास्त पडली तर बाळाचं पोट फुगतं, कमी पडली तर बाळ सुकतं, आणि मिसळून फार वेळ ठेवून चालत नाही. ताईंच्या खोलीत मिसळताना कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. तो पाळताना सगळ्यात जास्त त्रास ताईंनाच होई.

आणि मग ती फळी. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

काही बाळांना घोटाघोटाने दूध झेपत नाही. पोटभर एकदम दिलं की धाप लागते. अशांना नाकातून पोटात घातलेल्या बारीक नळीने, सिरिंज पंपावर, अगदी हळूहळू दूध सोडतात; एक सिरिंज संपायला तास न् तास लागतात. पूर्वी हे पंप लोखंडी दांड्यांवर लटकत, कुठे उंच, कुठे खाली, कुठे तिरपे. नळ्यांचा गुंता व्हायचा. एकदा एक दांडा पेटीवर कलंडला, बाळ वाचलं ते केवळ काचेमुळे. त्या दिवशी ताईंनी रुग्णालयाच्या सुताराला पकडलं आणि भिंतीला, पेट्यांच्या मागून, एक लांब फळी ठोकून घेतली. तिच्यावर सगळे पंप ओळीने आडवे. वायरी मागे, नळ्या पुढे, प्रत्येकाला आपली खाच. बघणाऱ्याचे डोळे निवावेत इतकं नीटस काम. दुसऱ्या रुग्णालयांतली माणसं ती फळी बघायला आली. अधीक्षकांनी तिचा फोटो काढून प्रवेशदारापाशी लावला. रोज सकाळी ताई ती फळी स्वतः पुसत. दुसऱ्या कुणी पुसली तर नंतर पुन्हा पुसत.

तर अशा कक्षात ठिणगी आली.

नाव ठेवायला तिच्या घरच्यांना सवड मिळाली नव्हती. 'ठिणगी' हे ताईंनी ठेवलं. पेटीतल्या प्रत्येक बाळाला त्या काहीतरी म्हणतच: एक कलेक्टर होऊन गेला होता, एक पहिलवान, एक नुसता 'अहो'. ही दीड महिना लवकर जन्मलेली, हृदयाला छिद्र असलेली, हाताच्या ओंजळीत मावेल एवढी पोर. पण सुई टोचली की असली भडकायची की शेजारच्या पेटीतली बाळंही उठायची. "आपल्यातली आहे," ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

छिद्र शिवता येणार होतं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तयार होते, पण त्यांची अट होती: आधी वजन वाढू द्या. एवढ्याशा अंगाला ती शस्त्रक्रिया सोसणार नाही. आणि फार उशीरही नको, कारण छिद्रामुळे फुप्फुसांवर ताण येत होता. म्हणजे वाढली तर वाचली. ठिणगीचं सगळं आयुष्य त्या वजनकाट्यावर येऊन थांबलं होतं.

आणि काटा हलेना.

दूध आईचं होतं. पूरक पावडर पूर्ण मापाने पडत होती. दूध पंपावर, हळूहळू, वेळच्या वेळी जात होतं. तरी रोज सकाळी काट्यावर तेच. कधी जरासं वर, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. गालांवर मांस येण्याऐवजी ते आत चालले होते.

"हृदयाची बाळं अशीच असतात ताई," विभागाचे मोठे डॉक्टर म्हणाले. ते ताईंच्या समोर शिकाऊ म्हणून आले होते आणि बघता बघता विभागप्रमुख झाले होते. माणूस चांगला, फक्त ताईंना कंटाळलेला. "श्वास घेण्यातच तिची सगळी ताकद जाते. आईचं दूध बंद करून आपण तिला खास घट्ट दुधावर टाकू. डब्याचं आहे, पण त्यात जास्त ऊर्जा आहे."

"आणि पोट बिघडलं तर? वेळेआधीची पोर आहे. आईच्या दुधाने आतडं सांभाळलं जातंय तिचं."

"वाढलीच नाही तर सांभाळलेल्या आतड्याचं काय करायचं?"

ताई जास्तच जोरात म्हणाल्या, "मला पुढच्या मोठ्या राउंडपर्यंत वेळ द्या. हिला आईच्याच दुधावर वाढवून दाखवते. नाही वाढली तर तुम्ही म्हणाल ते."

डॉक्टरांनी हात वर केले आणि वेळ दिला.

आता वेळ तर मागून घेतला, पण करायचं काय? ताईंनी आधी पावडरीवर संशय घेतला. नव्या खोक्यातल्या पुड्या आणवल्या. मग काट्यावर, तो तपासायला माणूस बोलावला, काटा चोख निघाला. मग संध्याकाळच्या पाळीच्या नर्सना फैलावर घेतलं. त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या, पण त्यांच्या हातून काही चुकत नव्हतं. शेवटी ताईंची गाडी जिथे सगळ्यांचीच येऊन थांबते तिथे थांबली. आईवर.

ठिणगीची आई फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्या-टेबलांना पॉलिश करायची. नखांच्या कडांना बसलेला तपकिरी रंग बाळंतपणानेही गेला नव्हता. दूध काढायला येताना ती हात इतके घासून यायची की कातडी सोलवटलेली दिसे. सगळे तिला पॉलिशवाली म्हणत. ती बोलतच नसे. आयांच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची धरायची, दूध काढायची, बाटलीवर पट्टी चिकटवायची, निघून जायची. तिच्यासोबत येणारी सासू मात्र दोघींच्या वाटणीचं बोलायची.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" सासू समोर बसलेल्या सगळ्या आयांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हिच्या अंगातच काही नाही. दूध म्हणजे नुसतं पांढरं पाणी. पावडरी घालून का कुठे वाढतात पोरं?"

एरवी ताईंनी अशा सासूचं लोणचं घातलं असतं. त्या दिवशी घातलं नाही. उलट त्या पॉलिशवालीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जेवतेस का नीट? शेवटपर्यंत काढतेस का दूध, की वरवर काढून उठतेस? घट्ट दूध शेवटी येतं. तेवढा दम धरायला नको?"

पॉलिशवालीने मान खाली घातली. "धरते," एवढंच म्हणाली.

सासूने विजयी नजरेने खोलीभर पाहिलं. ताईंना ते दिसलं आणि खटकलंही, पण मनात वजनाचा काटा होता. त्या तिथून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फ्रिज उघडून बसल्या. पॉलिशवालीचं दूध किती पाणचट आहे ते एकदा डोळ्यांनीच बघावं, म्हणजे डॉक्टरांना तोंड देता येईल. तिच्या नावाची बाटली उचलली आणि उजेडात धरली.

बाटलीच्या वरच्या बाजूला साय आली होती. थोडीथोडकी नाही, चांगला बोटभर पिवळसर थर. ताईंनी शेजारची दुसरी बाटली काढली. तीही तशीच. तिसरीही. रोज हात सोलेपर्यंत घासून, खाली मान घालून बसणाऱ्या त्या बाईचं दूध अख्ख्या फ्रिजमधल्या दुधात सगळ्यात दाट होतं.

ताई ओट्याला टेकल्या. आडात तर भरपूर होतं! मग पोहऱ्यात का येत नव्हतं?

आता त्यांनी दुधाचा पाठलाग सुरू केला. बाटली हलवून साय मिसळली, दूध मोजलं, पुडी मिसळली, सिरिंजमध्ये ओढलं. सगळं त्यांनी स्वतः केलं. सिरिंज पंपात बसवली, पंप फळीवर आपल्या खाचेत ठेवला आणि पेटीजवळ स्टूल ओढून बसल्या. नर्स येऊन विचारून गेल्या, काय झालं ताई? काही नाही, म्हणाल्या. ज्या बाईला पाच मिनिटं गप्प बसता येत नव्हतं ती सिरिंज संपेपर्यंत एका पांढऱ्या नळीकडे बघत बसली.

पंप वाजला. संपलं. नर्सने सवयीने सिरिंज सोडवली, नळी काढली आणि दोन्ही कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात नेला.

"थांब. इकडे दे."

सिरिंजच्या वरच्या अंगाला, लांबीभर, एक जाड पिवळट ओघळ चिकटला होता. तोंडापाशी थोडं दूध उरलं होतं, ते दूध नव्हतंच, लोणी म्हणावं इतकं घट्ट. ताईंनी हातमोजा काढला, दट्ट्या ओढून सिरिंजमध्ये बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. नळी उजेडात धरली. आतून तीही तशीच माखलेली.

साय वर चढते. बाटलीत चढते तशीच सिरिंजमध्येही चढते. सिरिंज आडवी, तास न् तास पडून. साय वरच्या भिंतीला जाऊन बसणार, तोंडातून खालचं पातळ दूध जात राहणार, आणि साय तोंडापाशी यायच्या आत पंप वाजणार. मग ती कचऱ्यात. पोरीच्या पोटात रोज उरलेलं ताक जात होतं आणि तिच्या वाटचं लोणी डब्यात. पंप तिरपा, तोंड वर करून असता, तर साय आधी गेली असती. पूर्वी दांड्यांवरचे वेडेवाकडे पंप निदान कधीमधी तिरपे तरी असत. सगळे एकजात आडवे कुणी केले?

ताईंनी फळीकडे पाहिलं. सकाळीच पुसलेली होती. चकचकीत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते ठीक आहे, पण तो कळसा काढून दुसऱ्याच्या डोक्यात घालायचा, याला काय म्हणावं? ज्या बाईच्या दुधात बोटभर साय, तिला त्यांनी चारचौघांत विचारलं होतं, जेवतेस का नीट.

त्यांनी एक टॉवेल घडी करून ठिणगीच्या पंपाखाली सरकवला, तोंड वर येईल असा. मग दुसरा टॉवेल शेजारच्या पंपाखाली. मग तिसरा. फळीवरची ती सुंदर ओळ पार विस्कटली. नर्स बघतच राहिली.

"ताई, हे काय?"

"उद्या सांगते. तोवर एकही पंप आडवा ठेवलास तर माझ्याशी गाठ आहे."

घरी यजमान एका कोटाला अस्तर लावत होते. ताई आल्या, पाणी प्यायल्या, आणि न थांबता सगळं सांगून टाकलं. यजमान सुई हातात धरून ऐकत राहिले.

"टॉवेल लावलेत ना आता?" त्यांनी शेवटी विचारलं.

"लावलेत."

"मग पोरगी वाढेल."

"वाढेल. आणि सगळे म्हणतील, तोफेने शब्द खरा केला. डॉक्टर मान डोलावतील. कुणाला काही कळणारसुद्धा नाही." ताईंनी पदराने तोंड पुसलं. "अहो, पण आधीची? फळी झाल्यापासून पंपावर हिच्याआधी किती बाळं होती! वाढली नाहीत की आम्ही म्हणायचो, हृदय आहे, फुप्फुस आहे, नशीब आहे. तो पहिलवान गेला ना, शस्त्रक्रियेच्या वजनाला पोहोचायच्या आधी. तो कशाने गेला? हृदयाने गेला की माझ्या फळीने?"

ते कळायला आता काही मार्ग नव्हता. डॉक्टरांना नाही, ताईंना नाही, कुणालाच नाही. यजमानांनी सुई अस्तरात टोचून ठेवली.

"माप चुकलं असलं तर वरून इस्त्री फिरवून भागत नाही," ते म्हणाले. "उसवावं लागतं."

"मला शिकवू नका!" ताई ओरडल्या, आणि मग रडल्या. यजमान शेजारी बसून राहिले. कोट तसाच पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला सगळे पेट्यांभोवती जमले. डॉक्टरांनी फळीवरचे टॉवेल पाहिले आणि भुवया उंचावल्या.

"मी सांगते," ताई म्हणाल्या. त्यांनी कालची सिरिंज जपून ठेवली होती, ती सगळ्यांपुढे धरली. काय झालं, कसं झालं, कुणामुळे झालं, सगळं सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता, भिंतीपलीकडे जाणारा. चूक सांगतानाही ताईंना हळू बोलता येत नव्हतं.

डॉक्टरांनी सिरिंज घेतली, उजेडात फिरवली. मग म्हणाले, "मी रोज इथे उभा राहतो ताई. मलाही दिसलं नाही."

"तुमचं तुम्ही बघा. फळी माझी होती."

"बरं. पंप आजपासून तिरपे. मी लेखी सूचना काढतो." त्यांनी आवाज खाली आणला. "बाकी, हे आपल्या कक्षात राहू दे. आधीच्या बाळांचं काय ते ठरवता येणार नाही. आयांना उगाच कशाला..."

"उगाच?" ताईंच्या आवाजाने ठिणगी जागी झाली आणि भडकली. "त्या पोरीच्या आईला मी भर खोलीत बोलले डॉक्टर. तिची सासू तिला उठता-बसता टोचतेय. बाई रोज मान खाली घालून येते आणि सगळ्यांत चांगलं दूध ठेवून जाते. चूक आमची आणि मान तिची खाली? बोलताना मी खोली बंद केली नव्हती. मग आताच कशी करू?"

"अधीक्षक काय म्हणतील?"

"त्यांच्या दारात पुन्हा खुर्च्या मांडीन."

डॉक्टरांनी डोळे मिटले. नाही म्हणाले नाहीत.

आयांच्या खोलीत त्या वेळी गर्दी होती. पॉलिशवाली आपल्या कोपऱ्यात, सासू दाराजवळ. ताई मधोमध उभ्या राहिल्या. एका हातात दाट साय आलेली बाटली, दुसऱ्यात ती सिरिंज.

"सगळ्यांनी ऐका," त्या म्हणाल्या. "हे हिचं दूध." बाटली उंच धरली. "बघा, साय बघा. आमच्या फ्रिजमध्ये याहून दाट दूध नाही. आणि ही सिरिंज. हिच्यातली साय बाळापर्यंत पोहोचत नव्हती, कारण पंप आडवे ठेवायची फळी मी करून घेतली. बाळ वाढत नव्हतं ते माझ्यामुळे. हिच्यामुळे नाही. परवा मी हिला नको ते बोलले. ते मी परत घेते."

पॉलिशवाली सावकाश उठली. बाटलीकडे बघितलं, सिरिंजकडे बघितलं.

"म्हणजे माझं दूध चांगलं होतं," ती म्हणाली.

"उत्तम होतं."

"आणि तुम्ही ते फेकत होता."

"हो."

मग ती फुटली. एवढे दिवस गप्प बसलेल्या बाईच्या पोटात एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नसतं. "मी उपाशी राहत नाही! मी वरवर काढून उठत नाही! अंगाला टाके असताना मी इथे येऊन बसते, बोटं सोलून घेते, आणि तुम्ही मला सांगता दम धर म्हणून? माझी पोरगी काट्यावर रोज कमी होत होती आणि मी रोज घरी जाऊन आरशात बघत होते, माझ्यात काय कमी आहे म्हणून! तुम्ही एकदा, एकदा तरी बाटलीकडे बघायचं होतं!"

"अगं, मोठ्या आहेत त्या," सासू मध्ये पडली. "कबूल करतायत ना."

"तुम्ही गप्प बसा!" पॉलिशवाली तिच्याकडे वळली. "तुमचा आड आणि तुमचा पोहरा तुमच्यापाशी ठेवा. पुन्हा माझ्या दुधाबद्दल एक शब्द काढलात तर मी तुम्हाला इथे येऊ देणार नाही. पोर माझी आहे."

कोपऱ्यातली एक आई हळूच हसली, आणि मग दुसरी.

ताई उभ्या होत्या. उत्तर द्यायची सवय असलेल्या बाईला गप्प उभं राहणं किती जड जातं ते बघायचं असतं तर त्या दिवशी त्यांच्याकडे बघायला हवं होतं. जिभेवर चार वाक्यं आली असतील. त्यांनी एकही बाहेर येऊ दिलं नाही.

त्याच दुपारी सुताराने फळी उतरवली. अधीक्षकांनी बोलावून घेतलं, रुग्णालयाच्या नावाबद्दल बरंच बोलले, आणि प्रवेशदारापाशी लावलेल्या फोटोचं आता काय करायचं असं विचारलं. ताई म्हणाल्या, "उतरवा. मी उतरवला तर काच फुटेल." मग त्यांनी दुसऱ्या रुग्णालयांना फोन लावायला घेतले, जिथली माणसं फळी बघून गेली होती त्या प्रत्येक ठिकाणी. "आमचं बघून तुम्ही आडवी फळी केली असेल तर आजच काढा," असं त्या सांगत, आणि कुणी 'आमच्याकडे तसा काही त्रास नाही' म्हटलं की फोनवरच तोफ सुटे.

पंपांना आता तिरपे लाकडी ठोकळे होते. नळ्या आखूड केल्या होत्या. दिसायला सगळं ओबडधोबड. पावडर तीच, दूध तेच, आई तीच.

काटा हलला. पहिल्यांदा कुणी विश्वास ठेवला नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन केलं. मग रोज थोडं थोडं. ठिणगीच्या मनगटाला एक घडी पडली, आणि कक्षातल्या सगळ्या नर्स ती घडी बघायला आळीपाळीने येऊन गेल्या. छातीतलं छिद्र होतं तिथेच होतं, धाप होती तशीच होती; पण पोर आता धापेशी दोन हात करत होती. मोठ्या राउंडला डॉक्टरांनी डब्याच्या दुधाचा विषय काढला नाही. शस्त्रक्रियेची तारीख सांगितली.

पॉलिशवाली रोज येत होती. सासू घरी राहू लागली होती. पॉलिशवाली नर्सशी बोले, इतर आयांना दूध काढायची पद्धत समजावून सांगे, एकदा तर हसतानाही दिसली. ताईंशी मात्र अवाक्षर नाही. ताई समोरून आल्या की ती सरळ त्यांच्याकडे बघे, मान जराही न वाकवता, आणि पुढे जाई. ताईंनी तिला एकदाही अडवलं नाही. "आता ती बोलत नाही याचं वाईट वाटतं का?" यजमानांनी घरी विचारलं. "वाटतं," ताई म्हणाल्या. "पण तिने का म्हणून बोलावं?"

शस्त्रक्रिया झाली. छिद्र शिवलं गेलं. पोर शुद्धीवर आली, पोटातली सोडून बाकीच्या नळ्या एकेक करत निघाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता दूध सुरू करून बघू. पंपावर नको, सिरिंज हातात धरून, नळीतून आपोआप उतरेल तेवढंच.

ताईंनी दूध गरम केलं, पुडी मोजून मिसळली, सिरिंज भरली. पेटीजवळ आल्या आणि हात पुढे केला. इतक्या वर्षांत शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं दूध त्यांनी दुसऱ्या कुणाला देऊ दिलं नव्हतं. तो त्यांचा हक्कच होता, म्हणजे निदान त्यांना तसं वाटे.

पॉलिशवाली पेटीच्या पलीकडून आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. हात धुतलेले, कोपरापर्यंत ओले. नखांच्या कडांचा तपकिरी रंग अजून होताच.

"इकडे द्या," ती म्हणाली.

नर्सने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी ताईंकडे. हे नियमात बसत नाही, असं म्हणायला ताईंना काहीच अडचण नव्हती. नियम त्यांनीच केलेला होता.

ताईंनी सिरिंज तिच्या हातात दिली.

"बाजूला व्हा," पॉलिशवाली म्हणाली. "उजेड अडतोय."

कक्षात सगळ्यांच्या माना वळल्या. आता तोफ सुटणार. ताईंनी एकदा पेटीतल्या पोरीकडे पाहिलं, एकदा तिच्या आईकडे, आणि त्या बाजूला झाल्या.

पॉलिशवालीने सिरिंज उभी धरली आणि दूध खाली उतरू लागलं.